तीन वाजेपर्यंतचे जनरल मॅनेजर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टोरांटोत जो भेटेल तो हॉकी संघाचा जनरल मॅनेजर असतो. डेंटिस्ट दाढेत ड्रिल घालून विचारतो, ‘आपल्याला बचावपटू हवाय की सेंटर?’ आपलं तोंड त्याच्या ताब्यात असल्यामुळे उत्तरही तोच देतो. गॅरेजवाला गाडीखाली झोपून पगाराची बेरीज-वजाबाकी करत असतो. गाडीची नव्हे, गोलीची, म्हणजे गोलरक्षकाची. टोरांटो मेपल लीफ्स या संघाला पगारी जनरल मॅनेजर एकच आहे, आणि त्या कामाला अख्ख्या शहरात सर्वांत नालायक माणूस तोच, याबद्दल एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या या शहराचं एकमत आहे.

इथली हॉकी बर्फावरची. ध्यानचंदांची नव्हे आणि खडकीच्या धनराज पिल्लेचीही नव्हे. पायात स्केट्स, हातात स्टिक, चेंडूऐवजी रबराची चपटी पक. ती पक नेमकी कुठे आहे हे नव्या माणसाला गोल झाल्याचा भोंगा वाजल्यावर कळतं. नॅशनल हॉकी लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि जूनमध्ये स्टॅन्ली कप मिळतो, म्हणजे ज्याला मिळतो त्याला मिळतो. मार्चच्या सुरुवातीला एक दिवस असा येतो की टोरांटोच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले की खेळाडूंची देवाणघेवाण बंद. त्यानंतर ट्रेड करून आणलेला खेळाडू त्या मोसमात नव्या संघाकडून खेळू शकत नाही. ही ट्रेड डेडलाइन. सरकारने सुट्टी दिलेली नाही, पण त्या दिवशी कुठल्या ऑफिसात काम झाल्याचंही ऐकिवात नाही.

टीव्हीवर सकाळपासून सुटाबुटातली माणसं टेबलापाशी बसतात. प्रत्येकाच्या हातात दोन फोन. बातमी काहीच नसते, त्यामुळे बोलायला भरपूर वाव असतो. तास-दीड तासाने एखादा तिसऱ्या दर्जाचा बचावपटू चौथ्या फेरीच्या पिकच्या, म्हणजे पुढे एखादं पोर निवडायच्या हक्काच्या, बदल्यात या गावाहून त्या गावाला जातो आणि त्यावर एवढा खल होतो की तेवढ्यात तो बिचारा सामान बांधून विमानतळावर पोचलेला असतो.

या वेडाचं मूळ १९६७ सालात आहे. लीफ्सनी स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला तो तेव्हा. त्या मोसमात लीगमध्ये संघ होते सहा. सहा संघांत रांगेत नुसतं उभं राहिलं तरी कधी ना कधी नंबर लागतो. पुढच्याच मोसमात लीग बारा संघांची झाली, मग वाढत वाढत बत्तिसांची, आणि लीफ्स रांगेतच राहिले. तेव्हापासून शहरात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, तरुण पोरं जपा, तीच एक दिवस कप आणतील. दुसरा म्हणतो, पोरं विका आणि तयार माल आणा. दोन्ही पंथांना संधी भरपूर मिळाली. कप कोणालाच मिळाला नाही.

ट्रेड म्हणजे काय हे मी देशातून आलेल्या पाहुण्यांना लग्नाच्या बैठकीचा दाखला देऊन समजावतो. आयपीएलचा लिलाव सांगून उपयोग होत नाही, कारण लिलावात पैसा बोलतो आणि इथे पैशावरच बंधन आहे. पगारावरून मालक आणि खेळाडू यांचं इतकं वाजलं की २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला आणि त्यानंतर प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. २०२४-२५ मध्ये ती आठ कोटी ऐंशी लाख अमेरिकन डॉलर होती. त्यामुळे कितीही श्रीमंत घर असलं तरी मांडवात वाटेल तेवढं उधळता येत नाही. मग सुरू होतं देणं-घेणं. आमचा एक मध्यम वयाचा द्या, तुमचे दोन तरुण घ्या. वर एक दुसऱ्या फेरीचा पिक ठेवा. पगार जड होत असेल तर पाठवणारा संघ अर्ध्यापर्यंतचा पगार आपल्याकडे ठेवून घेतो, म्हणजे मुलगी सासरी गेल्यावरही तिचा निम्मा किराणा माहेरने भरायचा. काही खेळाडूंच्या करारात ‘अमुक गावांना जाणार नाही’ अशी यादी असते, ती आधी बघावी लागते. २०२२ मध्ये वेगास संघाने डेडलाइनच्या दिवशी येवगेनी दादोनोव्हला अॅनाहाइमला देऊन टाकलं, आणि मग कळलं की अॅनाहाइम त्याच्या नको असलेल्या गावांच्या यादीत आहे. दोन दिवसांनी लीगने तो ट्रेड रद्द केला. दादोनोव्ह पुन्हा वेगासच्या ड्रेसिंगरूममध्ये येऊन बसला. त्याच्याकडे बघताना बाकीच्यांनी चेहरे कसे ठेवले असतील, याची मला आजही उत्सुकता आहे.

या सगळ्यात खरी चैन असते ती पोरांची चर्चा करण्यात. दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांचा ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळे संघ. संघ हे निवडीचे हक्क, म्हणजे पिक, आधीच देऊन टाकू शकतात, दोन-तीन वर्षं पुढचेसुद्धा. म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये कोणी २०२७ चा पहिल्या फेरीचा पिक दिला, तर ज्याच्या नावाने तो पिक खर्ची पडणार तो मुलगा त्या घडीला पंधरा-सोळा वर्षांचा. आई त्याला सकाळी साडेपाचला उठवून रिंकवर नेते, शाळेत बीजगणिताशी त्याची झटापट चालू आहे, आणि टोरांटोशेजारच्या मिसिसागामध्ये दोन मराठी माणसं त्याला गमावल्याबद्दल कपाळावर हात मारून बसली आहेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

त्या दोन मराठी माणसांना मी चांगला ओळखतो. एक आमच्या कॉलनीतल्या काकू, दुसरा त्यांचा भाचा. काका आहेत, पण ते गाडी चालवतात आणि कॉफीचे पैसे देतात. संघाच्या धोरणात त्यांना आवाज नाही.

काकू सत्तरच्या दशकात लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, पण ऐकलेलं समजत नव्हतं. शनिवारी रात्री टीव्हीवर हॉकी लागायची. हॉकीला भाषा लागत नाही. बर्फाळ रात्री, अनोळखी देश, नवरा थकून सोफ्यावर झोपलेला. काकूंनी समोरच्या निळ्या शर्टवाल्यांना आपलं मानलं ते कायमचं. इतक्या वर्षांत त्यांनी देव बदलले नाहीत, चहाची पावडर बदलली नाही आणि संघही बदलला नाही. यांतल्या दोन गोष्टींचा त्यांना उपयोग झाला.

भाचा चाळिशीच्या अलीकडचा, कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडे प्रत्येक मुलाचा तक्ता असतो. कोण स्वीडनच्या दुसऱ्या लीगमध्ये खेळतो, कोणाची उंची यंदा किती इंच वाढली, कोण डाव्या हाताचा, कोणाचे पाय जड. मुलाला बर्फावर प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. फोनवरच्या तुकड्यात त्याने एक गोल केलेला असतो, तो गोल भाचा मागे-पुढे करत इतक्यांदा बघतो की त्याच्या हिशेबी त्या मुलाचे शंभरेक गोल झालेले असतात. डिसेंबरच्या सव्वीस तारखेला तरुणांची जागतिक स्पर्धा सुरू होते. त्या दहा-बारा दिवसांत कॅनडातला प्रत्येक माणूस पोरांचा पारखी होतो. भाचा तर त्या काळात जेवतोसुद्धा उभ्याने.

सात मार्च २०२५, शुक्रवार. ही मंडळी भर दुपारी कोपऱ्यावरच्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानात जमली होती. ही जागा ट्रेडच्या चर्चेला अगदी योग्य आहे, पण तिथे बसलेल्या किती जणांना ते ठाऊक असतं कोण जाणे. टिम हॉर्टन हा लीफ्सचाच बचावपटू. १९६४ मध्ये त्याने हॅमिल्टनला पहिलं दुकान काढलं, १९६७ चा कप जिंकणाऱ्या संघात तो होता, आणि मार्च १९७० मध्ये लीफ्सनी त्याला न्यूयॉर्क रेंजर्सला देऊन टाकलं. ज्या माणसाच्या नावाची कॉफी पिऊन टोरांटोची माणसं ‘हा ट्रेड करायला नको होता’ म्हणतात, त्याचाच ट्रेड या गावाने केलेला आहे.

काकूंनी थर्मल मोजे, कोट आणि कोटाच्या आत लीफ्सची जर्सी असा जामानिमा केला होता. पर्समधून चिवड्याची पुडी निघाली. शेजारच्या टेबलावर ट्रक चालवणारे सरदारजी आणि एक इटालियन प्लंबर अशी नेहमीची समिती होती. सरदारजी हॉकी पंजाबीत ऐकतात. २००८ पासून इथे पंजाबीत समालोचन होतं आणि हरनारायण सिंग गोल झाल्यावर ज्या त्वेषाने ओरडतो तो ऐकण्यासाठी एक अक्षर न कळणारे गोरेही तो चॅनल लावतात. मराठीत समालोचन नाही. ती उणीव काकू भरून काढतात.

‘अरे, कुणाला आणतायत?’ काकूंनी बसता बसता विचारलं.

‘मावशी, कुणालाच आणू नये. मिंटन आहे, कोवन आहे, आपलीच पोरं आहेत. दोन वर्षं थांबलं तर...’

‘दोन वर्षं तू थांब. मी अठ्ठ्याहत्तरची आहे.’

‘अगं, पण भविष्य म्हणून काही आहे की नाही?’

‘आहे ना. ते माझ्या डॉक्टरला विचार. मला पिक नको, मला कप हवाय. सगळी पोरं विका.’

हॉकीच्या इतक्या चर्चा ऐकल्या, पण तरुण खेळाडू जपावेत की विकावेत या प्रश्नाचा इतका नेमका हिशेब मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेला नाही. टीव्हीवरचे लोक आकडे देतात, त्यात बोलणाऱ्याचं वय धरलेलं नसतं. चाळिशीच्या आतला चाहता सांगतो, थांबा. साठीनंतरचा सांगतो, विका. आणि जनरल मॅनेजरचं वय काहीही असलं तरी त्याच्या नोकरीचं आयुष्य तेवढं लांब नसतं, म्हणून तोही काकूंच्याच बाजूला असतो.

सरदारजींनी मग आपला प्रस्ताव मांडला. आपले दोन राखीव बचावपटू, एक न चालणारा फॉरवर्ड आणि चौथ्या फेरीचा पिक द्यायचा, समोरच्याचा कर्णधार घ्यायचा. प्लंबरने पिक पाचव्या फेरीचा केला. समोरचा संघ का देईल, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारायचा नसतो. चाहत्यांच्या ट्रेडमध्ये दुसऱ्या गावाचा मॅनेजर हा कायम नुकताच झोपेतून उठलेला, गणितात कच्चा आणि स्वभावाने दानशूर असा गृहस्थ असतो. उलट आपल्याकडचं पोर, ज्याचं नाव कालपर्यंत नीट उच्चारता येत नव्हतं, ते कोणी मागितलं की लगेच घराण्याचा वारस होतं.

आणि मग तो विषय निघालाच. टोरांटोत चार माणसं जमली की रास्क निघतो.

टूका रास्क हा फिनलंडचा गोली. २००५ च्या ड्राफ्टमध्ये लीफ्सनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं. वर्षभरात, तो एकदाही लीफ्सच्या जर्सीत खेळायच्या आत, त्याला बॉस्टनला देऊन अँड्र्यू रेक्रॉफ्ट नावाचा गोली आणला. रेक्रॉफ्टने दोन वर्षांपूर्वी सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला होता, म्हणजे पोरगं चांगलं निघालेलं होतं. ते टोरांटोत येऊन बिघडलं. रास्कला २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोली ठरवलं गेलं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण २०१३, २०१८ आणि २०१९ अशा तीन वर्षी लीफ्स प्लेऑफमध्ये बॉस्टनकडून सातव्या, निर्णायक सामन्यात हरले, आणि तिन्ही वेळा समोरच्या गोलपोस्टमध्ये हाच रास्क. २०१३ ला तर तिसऱ्या सत्रात लीफ्स ४-१ असे पुढे होते. काकांनी शेव आणायला म्हणून गाडी काढली होती. ते परत येईपर्यंत बरोबरी झालेली, आणि काकू अजूनही मानतात की काका गेले नसते तर झाली नसती.

‘फिल केसेलचं काय मग?’ प्लंबर म्हणाला. त्याचा आवडता घाव तो आहे. २००९ मध्ये केसेलसाठी लीफ्सनी बॉस्टनला दोन पहिल्या फेरीचे आणि एक दुसऱ्या फेरीचा पिक दिला. लीफ्स त्या मोसमात इतके वाईट खेळले की त्यांनी दिलेला पिक ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा निघाला आणि बॉस्टनला टायलर सेगिन मिळाला. पुढच्या वर्षीच्या पिकवर डगी हॅमिल्टन. सेगिन पहिल्याच मोसमात बॉस्टनबरोबर कप जिंकून बसला. केसेलने टोरांटोत भरपूर गोल केले. मग त्याला पिट्सबर्गला दिलं, तिथे त्याने २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन कप जिंकले. म्हणजे लीफ्सशी संबंध तुटला की कप मिळतो, असा एक शास्त्रीय निष्कर्ष सरदारजींनी काढला आणि त्याला कोणाला उत्तर देता आलं नाही.

भाच्याने आपली बाजू लावून धरली. पोरं ओळखणं अवघड असतं हे त्याला मान्यच नव्हतं. पारखी पाहिजे, म्हणाला. खरं तर या बाबतीत पारख्यांचाही इतिहास नाव घेण्यासारखा नाही. १९९३ चा पहिला क्रमांक अलेक्झांडर डेग आणि २०१२ चा पहिला क्रमांक नेल याकुपोव्ह, दोघांकडून ज्या अपेक्षा होत्या त्यांच्या आसपासही ते पोचले नाहीत. उलट पावेल दात्सुक १७१ वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, हेन्रिक झेटरबर्ग २१० वा. म्हणजे सगळ्या लीगने त्यांना मुलांच्या गर्दीत दीडशे-दोनशे वेळा बघून न बघितल्यासारखं केलं. क्रिस ड्रेपरला विनिपेगने १९९३ मध्ये डेट्रॉइटला दिलं ते एका डॉलरला. शब्दशः एका. डेट्रॉइटबरोबर त्याने चार कप जिंकले. त्याच्या दहा वर्षं आधी ज्युनियर हॉकीत टॉम मार्टिन नावाच्या मुलाचे हक्क सिएटलच्या संघाने व्हिक्टोरियाला दिले आणि बदल्यात घेतली एक जुनी बस. हा सौदा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. बस कुठपर्यंत जाईल याचा अंदाज तरी बांधता येतो.

पण पोरांच्या बाबतीत माझा सर्वांत आवडता माणूस पंच इम्लॅक. १९६७ चा तो कप जिंकणाऱ्या लीफ्सचा प्रशिक्षक हाच. पुढे तो बफेलोचा जनरल मॅनेजर झाला. १९७४ चा ड्राफ्ट फोनवरून चालला होता, फेरीमागून फेरी, कंटाळवाणा. अकराव्या फेरीत इम्लॅकने सांगितलं, आम्ही घेतो तारो त्सुजिमोतो, संघ टोकियो कटानाज, जपान. लीगने लिहून घेतलं, क्रमांक १८३. ना असा मुलगा होता, ना असा संघ. नाव इम्लॅक आणि त्याच्या प्रसिद्धी विभागाने मिळून बनवलेलं. मुलगा कधी येतोय याची वाट बघत सगळे बसले तेव्हा कुठे त्याने खरं सांगितलं. बफेलोचे चाहते अजून त्सुजिमोतोच्या नावाची जर्सी घालतात. मला विचाराल तर ड्राफ्टमधला तो सर्वांत यशस्वी खेळाडू. त्याने कोणाचा अपेक्षाभंग केला नाही, त्याला दुखापत झाली नाही, त्याने पगारवाढ मागितली नाही आणि तो बॉस्टनला जाऊन गोली झाला नाही.

दुपारी बातम्या यायला लागल्या. आधी फिलाडेल्फियाहून स्कॉट लॉटन. फिलाडेल्फियाने त्याचा निम्मा पगार स्वतःकडे ठेवला. लॉटन मूळचा ओकव्हिलचा, म्हणजे मिसिसागाच्या शेजारचाच, त्यामुळे काकूंनी त्याला लगेच ‘आपल्याकडचा मुलगा’ म्हणून टाकलं. त्याच्या बदल्यात निकिता ग्रेबेन्किन आणि २०२७ चा पहिल्या फेरीचा पिक. भाचा गप्प झाला. मग बॉस्टनहून बचावपटू ब्रँडन कार्लो. त्याच्या बदल्यात २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक, चौथ्या फेरीचा एक, आणि फ्रेझर मिंटन.

भाच्याने घरी फोन लावला. ‘मिंटन गेला,’ एवढंच म्हणाला. पलीकडे त्याची बायको गुजराती, नवीनच लग्न झालेली. तिने विचारलं असावं की मिंटन कोण आणि काय झालं होतं त्याला, कारण हा म्हणाला, ‘काही नाही गं, धडधाकट होता. वीस वर्षांचा.’

आणि मग जे झालं त्याची माझी तयारी नव्हती. काकूंनी चिवड्याची पुडी मिटली. ‘चांगला मुलगा होता,’ त्या म्हणाल्या. ‘शहाणा. कधी कोणाशी भांडला नाही. त्याची आई तिकडे व्हँकूवरला असेल ना रे? बॉस्टन केवढं लांब.’ तासाभरापूर्वी याच बाईंनी सगळी पोरं विकायला काढली होती. भाच्याने तसं म्हणून दाखवलं. ‘विका म्हटलं होतं,’ काकू म्हणाल्या, ‘पण त्याला नव्हे. आणि बॉस्टनला तर मुळीच नव्हे.’

चाहत्यांच्या या अप्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. त्यांना सौदा हवा असतो, पण घरातून कोणी जायला नको असतं. १९८८ च्या नऊ ऑगस्टला एडमंटनने साक्षात वेन ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला दिलं. बदल्यात दोन खेळाडू, तीन पहिल्या फेरीचे पिक आणि दीड कोटी डॉलर. ग्रेट्झ्की पत्रकार परिषदेत रडला, एडमंटनमध्ये मालकाचा पुतळा जाळला, आणि ओटावाच्या संसदेत नेल्सन रीस या खासदाराने सरकारने हा ट्रेड थांबवावा अशी मागणी केली. ज्या गृहस्थाला हा प्रश्न देशाच्या सरकारचा वाटला, तो काकूंच्या टेबलावर सहज खपला असता.

मॅनी मल्होत्राचा ट्रेड झाला तेव्हाही काकूंना असंच लागलं होतं म्हणतात. मॅनी मिसिसागात जन्मलेला, वडील भारतीय. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर न्यूयॉर्कने घेतलेला आणि २००२ च्या मार्चमध्ये डलासला देऊन टाकलेला. तो लीफ्सकडून कधी खेळलाच नाही, त्याच्याशी त्यांचं काही देणं-घेणं नव्हतं. पण आपल्या गावातल्या मल्होत्राला कोणी असं परस्पर हलवतं म्हणजे काय, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

तीन वाजले. टीव्हीवरच्या माणसांनी फोन खाली ठेवले. कॉलनीतले जनरल मॅनेजर पुन्हा ड्रायव्हर, प्लंबर, पेन्शनर झाले. आम्ही कोट चढवतोय तोवर शेवटची बातमी आली. मुदत संपता संपता बॉस्टनने आपला कर्णधार ब्रॅड मार्शंड फ्लोरिडाला दिला होता, अटींवर बेतलेल्या एका दुसऱ्या फेरीच्या पिकच्या बदल्यात. टोरांटोत मार्शंडचं नाव घेताना सभ्य माणसं आवाज खाली करतात. रास्कच्या त्या तीन आणि शिवाय २०२४ च्या, अशा चारही निर्णायक सामन्यांत बॉस्टनकडून तो होता. तो बॉस्टनमधून हलला म्हणून प्लंबरने सगळ्यांना डोनट खाऊ घातले. ‘एकदाची पीडा गेली,’ काकू म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला इथलं कोणी राजी नसतं. त्या वर्षी लीफ्स प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत पोचले. समोर फ्लोरिडा. मालिका ३-३. सातवा सामना टोरांटोत, लीफ्स १-६ असे हरले, मार्शंडने त्यातही गोल केला, आणि जूनमध्ये फ्लोरिडाबरोबर कप उचलला. लॉटन आणि कार्लो दोघंही लीफ्सकडून बर्फावर होते.

अशा वेळी दूरचं बघणारे चाहते मिको रांतानेनचं उदाहरण देतात. जानेवारी २०२५ मध्ये कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाला दिलं, सहा आठवड्यांत, डेडलाइनच्याच दिवशी, कॅरोलायनाने डलासला. डलासने त्याच्याशी आठ वर्षांचा, नऊ कोटी साठ लाख डॉलरचा करार केला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत डलाससमोर कोलोरॅडो आलं आणि सातव्या सामन्यात, शेवटच्या सत्रात, रांतानेनने आपल्या जुन्या संघावर तीन गोल ठोकले. यावरून काय शिकायचं ते मला विचारू नका. भाचा यावरून ‘पोरं विकू नयेत’ असं सिद्ध करतो आणि काकू ‘मोठा मासा पकडावा’ असं.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. २०२५, २०२६ आणि २०२७ या तिन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक लीफ्सनी, काही अटी घालून का होईना, देऊन टाकलेले होते. पहिला २०२३ मध्येच शिकागोला, बाकीचे दोन त्या एका शुक्रवारी. भाचा त्यामुळे आता २०२८ च्या मुलांचा तक्ता करतोय.

तुमचं कोणी टोरांटोत असेल आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी त्याला फोन करायचा असेल, तर भारतातले रात्रीचे दीड वाजून गेल्यावर करा. तोवर तो उचलणार नाही. उचलल्यावर तब्येतीची चौकशी नंतर करा, आधी कोण आला ते विचारा. कोण गेला ते मात्र विचारू नका, काकूंकडे तर नकोच.